नॉमिनीचा रकाना

मंगळवार, रात्री

ट्रायलमध्ये, म्हणजे नव्या औषधाच्या माणसांवरच्या चाचणीत, नाव घालायचं म्हणून संमतीचे कागद आणलेत. औषधाची भीती नाही. दिवसभर स्वतःला चाचपून पाहिलं, खरंच नाही. गोळी नवी आहे, माझी नेहमीची साखरेची गोळी, मेटफॉर्मिन, चालूच राहणार. तिच्या जोडीला ही, नाहीतर हुबेहूब हिच्यासारखी दिसणारी बिनऔषधाची. कुणाला कुठली ते कॉम्प्युटर ठरवणार आणि ते मलाच काय, डॉक्टरांनाही कळणार नाही. बरंय. डॉक्टर आणि मी एकाच अंधारात, असं पहिल्यांदाच होतंय. ट्रायलमुळे काही झालं तर उपचार फुकट आणि वाटेल तेव्हा, कारण न सांगता, बाहेर पडायची मुभा. (ही मुभा सासरी असती तर. असो.)

बिनसलं ते शेवटच्या पानावर. शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न, आणि त्याखाली नॉमिनीचं नाव, पत्ता, माझ्याशी नातं. ट्रायलमुळे मृत्यू झालाच तर भरपाई कुणाच्या हाती द्यायची, त्यासाठी. कागद भरून घेणारा दवाखान्यातला मुलगा पान उलटता उलटता म्हणाला, "इथं घरातल्या कुणाचंही टाका मावशी." मी पेन टेकवलं आणि उचललं. घरी नेऊन भरते म्हटलं. "न्या की, घाई नाही," म्हणाला. गोड मुलगा आहे. त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नाही.

पडद्यापलीकडे यावलकडच्या पाड्यावरचा एक बाबा बसला होता. वाचता येत नाही म्हणून त्याच्यासाठी साक्षीदार बोलावलेला, दवाखान्याशी संबंध नसलेला. सगळं वाचून दाखवत होते आणि बाबा दर वाक्याला "हां" म्हणत होता. नॉमिनी म्हटल्याबरोबर त्यानं बायकोचं नाव सांगितलं. मग म्हणाला, "ती नसंल तं पोरगा. तो नसंल तं धाकला." साक्षीदार हसला, एकच पुरे म्हणाला. बाबानं अंगठ्याची शाई धोतराला पुसली. आणि मी इकडे, बी.एस्सी., बी.एड., कागद पिशवीत कोंबून बाहेर.

पॅसेंजरमध्ये तेच. भुसावळ येईपर्यंत तेच. कुणाचं नाव?

नंदूचं लिहावं तर सावद्याच्या वाटणीनंतर मीच नमतं घेतल्यासारखं होणार. न लिहावं तर पाठचा भाऊ असून... 'त्यांचं' नाव कायद्यानं अजून चालतही असेल. चालो बापडं, मी चालवणार नाही. पोस्टाच्या खात्यावर नॉमिनी अजून माईच आहे, ते बदलायचं राहून गेलंय. माईच्या पायाचं आठवलं, पण ते आज नको.

भाकरी थापताना रडू आलं. मरणाचं नाही. आपण गेल्यावर पैसे घ्यायला कोण येईल, हे ठरवायला एवढा वेळ लागतो, याचं. वर्गात साठ-साठ पोरं होती. त्यातलं एखादं नाव टाकावं म्हटलं तर नात्याच्या रकान्यात काय लिहू, 'सहावी ब'?

जेवण झाल्यावर मोबाईलवर नियमच काढले. 2019 चे आहेत, नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायलचे. भरपाईचं चक्क सूत्र दिलंय. मूळ रक्कम 8 लाख. तिला वयाच्या आकड्यानं गुणायचं, जोखमीच्या आकड्यानं गुणायचं आणि 99.37 नं भागायचं. वयाचा आकडा सोळाव्या वर्षापर्यंत 228.54, तो उतरत उतरत पासष्टीला 99.37. जोखमीचा आकडा धडधाकट माणसाला 4, मरणाच्या दारात असलेल्याला 0.5. आयुष्यभर गणित शिकवलं, सूत्र दिसलं की हात शिवशिवतात. वहीच्या मागच्या पानावर मांडून पाहिलं. वार्षिक उत्पन्न सूत्रात कुठंच नाही. मग विचारता कशाला, बाबांनो? माझ्या साखरेची जोखीम मध्यम धरली काय, सौम्य धरली काय, माझा भाव बरा निघतोय. केळीसारखा रोज पडतही नाही.

एकटीच हसले. उत्तराखाली दुहेरी रेघसुद्धा मारली.

मग नंदूच्या ज्योतीला फोन लावला. पुण्याचा तिचा नवा पत्ता माझ्याकडे नव्हताच.

"पत्ता कशाला व आत्या? आंबे पाठवू राह्यली का?"

सांगितलं. सगळं नाही, बरंचसं. जरा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "पप्पांना सांगू?"

आता यावर काय बोलणार. पैसे ज्योतीचे म्हणजे फिरून सावद्यालाच. वाटणीत जे सोडलं नाही ते असं जाणार असेल तर जावो. "सांग," म्हटलं, "आणि मांडणी बरोबर आहे का तेही बघायला सांग. गणितात माझ्याहून कच्चा होता तो." ती हसली. मग गोळी खरी की खोटी ते खरंच कळणार नाही का, हेच खोदून खोदून विचारत राहिली. बिनऔषधाची मिळाली तर फुकट हेलपाटे नाहीत का, म्हणे. म्हटलं, कुणीतरी ती घेतल्याशिवाय खरीचा गुण कळणार कसा?

एवढं करून रक्त तपासल्यावर माझी तीन महिन्यांची साखर त्यांच्या मापात बसली नाही तर घेणारच नाहीत. तसं कागदातच लिहिलंय. मग हा सगळा तमाशा नुसता नावापुरता.

नातं: भाची. लिहून टाकलं.

उपाशीपोटी बोलावलंय, सकाळच्या गाडीनं जावं लागेल. ज्योतीनं पत्ता पाठवलाय, पिनकोडात पाचच आकडे आहेत. पुन्हा फोन करायला हवा.