न ऐकू येणारी गाडी

आमचे घर डोंबिवलीत, रुळांच्या अगदी अंगावर आहे. खिडकीतून हात बाहेर काढला तर दारात लटकणाऱ्या प्रवाशाला टाळी देता येईल, असे आमच्याकडे येणारे पाहुणे म्हणतात. ही अतिशयोक्ती सोडली तरी जलद लोकल गेली की मांडणीवरचे स्टीलचे पेले एकमेकांना लागून किणकिणतात, एवढे मात्र खरे आहे. वाईची आत्या पहिल्यांदा मुक्कामाला आली, तेव्हा मध्यरात्री गेलेल्या मालगाडीने ती अंथरुणात उठून बसली ती पहाटेपर्यंत तशीच. सकाळी चहा घेताना तिने विचारले, "अरे, एवढ्या गदारोळात तुम्हाला झोप लागते तरी कशी?" त्यावर मी अगदी प्रामाणिकपणे "कसला गदारोळ?" असे विचारले आणि तिला ती थट्टा वाटली.

कान सरावले, असे आपण सहज म्हणून जातो. पण त्यात कानाचा काही संबंध नसावा, कारण त्याच कानांना स्वयंपाकघरात दूध उतू जाण्याआधीची बारीक सळसळ दुसऱ्या खोलीतून ऐकू येते. हे सरावणे म्हणजे शिकण्याचाच एक प्रकार, बहुधा सर्वांत साधा प्रकार, असे मज्जाशास्त्र मानते. त्याचा माग पेशीपर्यंत काढला तो एरिक कँडेल यांनी. व्हिएन्नात जन्मलेले आणि अमेरिकेत मानसोपचाराकडून स्मृतीच्या संशोधनाकडे वळलेले हे गृहस्थ. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि त्या गर्दीत एका पेशीचा पाठलाग करणे अशक्यच, म्हणून त्यांनी अ‍ॅप्लिसिया नावाची समुद्री गोगलगाय निवडली. तिच्या चेतापेशी जेमतेम वीस हजार आणि त्यांतल्या काही तर नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढ्या मोठ्या. गोगलगाईवरून स्मृतीचे कोडे सोडवायला निघालेल्या या माणसाला अनेक सहकाऱ्यांनी वेड्यात काढले होते. २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांतल्या किती जणांना ते आठवले असेल कोणास ठाऊक.

प्रयोग दिसायला अगदी साधा होता. गोगलगाईच्या पाठीवरच्या नळीला हलकेच स्पर्श केला की ती आपला कल्ला, म्हणजे श्वासाचा अवयव, झटकन आत ओढून घेते. तोच स्पर्श लागोपाठ दहा वेळा केला की हा झटका मंदावत जातो, आणि अशी दहा-दहा स्पर्शांची चार सत्रे घेतली, तर ते सरावणे तीन आठवडे टिकते. स्पर्श जाणवणारी पेशी तेव्हाही जागीच असते; मात्र कल्ला हलवणाऱ्या पेशीशी तिचा जिथे सांधा जुळतो, त्या सिनॅप्सपाशी ती निरोपाचे रसायन हात आखडून सोडू लागते. सराव दीर्घकाळ टिकला, तर सांधेही घटतात: एका पेशीची सुमारे १३०० टोके असतात, ती ८५० च्या आसपास येतात.

ही पेशी दमते, म्हणून गप्प बसते, असेही नाही. गोगलगाईच्या शेपटीला विजेचा झटका दिला की सेरोटोनिन हे मेंदूतले रसायन पाझरते आणि मंदावलेला प्रतिसाद पुन्हा जोमाने येऊ लागतो. हे वाचताना मला आमच्या इमारतीत झालेली चोरी आठवली. त्यानंतरचे आठ-दहा दिवस मला पहाटे चारच्या सुमाराची पहिली गाडी, तिच्यामागची दुसरी, रुळांच्या जोडावर बसणारा चाकांचा ठोका, सगळे ऐकू येत होते. चोरट्याने शेजाऱ्यांचे दागिने नेले आणि मला माझ्या गाड्या परत करून गेला.

मात्र मार्च २०२० मध्ये जे घडले, त्याचा उलगडा मला एकट्या गोगलगाईवरून होईना. २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून मुंबईची लोकल थांबली, आणि वर्षानुवर्षे मालगाडीला न जुमानणारा मी पहिल्या गाडीच्या वेळेला टक्क जागा होऊ लागलो. सांधा नुसताच सैल झालेला असेल, तर गाडी न येण्याची नोंद तरी कोण घेत होते?

मॉस्कोच्या येवगेनी सोकोलोव्ह यांच्या प्रयोगांमध्ये या प्रश्नाची जुनी वाट सापडते. एकच सूर पुन्हा पुन्हा ऐकवला की माणसाचे चमकून लक्ष देणे थांबते. पण मग तो सूर नेहमीपेक्षा आखूड केला, तर सूर चालू असायला हवा होता त्या रिकाम्या क्षणी माणूस पुन्हा चमकतो. म्हणजे मेंदू उद्दीपनाचा एक नमुना बाळगतो आणि आलेले त्याच्याशी ताडून पाहतो. अलीकडे के. विजयराघवन आणि मणी रामस्वामी या शास्त्रज्ञांच्या बंगळुरू आणि डब्लिन येथील गटांनी फळमाश्यांवर जे काम केले, त्यातून या नमुन्याला जणू देहच मिळाला. नावडता वास चार दिवस सोसावा लागला की माशी तो टाळणे कमी करते, आणि २०११ मध्ये त्यांनी दाखवले की त्या वेळी तिच्या मेंदूतल्या दाबून ठेवणाऱ्या पेशींचे सांधे बळकट झालेले असतात. रामस्वामींच्या मते मेंदू परिचित गोष्टीची जणू उलटी प्रतिमा घडवतो आणि ती मूळ गोष्टीवर ठेवून तिला पुसून टाकतो. माशीच्या नाकावरून माझ्या झोपेविषयी निष्कर्ष काढणे धाडसाचे आहे, हे मान्य. तरीही त्या पहाटे गाडी आली नव्हती आणि तिला पुसायला निघालेली ती प्रतिमा मात्र वेळेवर हजर झाली होती, असे मानायला मला आवडते.

१५ जूनला अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी मोजक्या गाड्या सुरू झाल्या. पहिली गाडी गेली तेव्हा पेले किणकिणले आणि आम्ही दोघे खिडकीशी जाऊन उभे राहिलो. पुन्हा ऐकू येईनाशी कधी झाली, ते सांगता येणार नाही; त्या दिवसाची नोंद ठेवायला मी जागेवर नव्हतो. मध्यंतरी आत्याचा फोन आला होता. बोलता बोलता ती थांबली आणि म्हणाली, "जाऊ दे रे ती गाडी, मग बोल." मी खिडकीबाहेर पाहिले, तेव्हा शेवटचा डबा निघून जात होता.