बेसखालचे फोमचे दोन पट्टे

लालबागमधल्या एका मंडळाच्या स्टेजवर ऑर्केस्ट्राचा साउंडचेक सुरू होता. बाकी सगळं जागेवर होतं, पण बेस गिटारवाल्याने मोकळी, बोटाने न दाबलेली ए तार छेडली की अख्खं स्टेज घुमायचं आणि ती घूम ढोलकीच्या डाव्या माइकमधून मेन स्पीकरला जायची. मोकळी ए म्हणजे 55 हर्ट्झ, सेकंदाला 55 कंपनं. दोन-तीन सूर वर सरकलं की त्रास जवळजवळ नाहीसा. एखादाच सूर असा उसळतो तेव्हा काहीतरी त्या सुराला सोबत देत असतं. इथे ते स्टेजच होतं: लोखंडी पाइपांचा सांगाडा, त्यावर फळ्या, 12 मिमी प्लाय, वर कार्पेट आणि खाली माणूस वाकून जाईल एवढी पोकळी.

मिक्सरवरून हे सुटत नाही. निवेदकाच्या माइकला 100 हर्ट्झखाली कट देता येतो, त्याचं काही बिघडत नाही. पण ढोलकीच्या डाव्या बाजूचा सगळा जीव त्याच खालच्या पट्टीत; तिथे कट दिला की ढोलकीचा डबा होतो. म्हणून आधी डीआय बॉक्समधून थेट मिक्सरला येणारा बेसचा चॅनल म्यूट केला. घूम तशीच राहिली. म्हणजे सब-वूफर निर्दोष, दोष स्टेजवरच्या बेस अँपचा, म्हणजे त्याच्या स्पीकरच्या पेटीचा, कॅबिनेटचा. मग दोन पोरांना म्हटलं, "कॅबिनेट चार इंच उचलून धरा रे." बेसवाल्याने पुन्हा ए वाजवली आणि ढोलकीच्या चॅनलवरचा मीटर खाली बसला. कॅबिनेटखाली घालायचा, कंपनं अडवणारा पॅड घ्यायच्या आधी ही उचलून बघायची चाचणी करावीच. उचलून फरक पडला नाही, तर आवाज हवेतून जातोय, आणि मग कितीही महागडा पॅड घाला, पैसे पाण्यात.

बेसवाल्याकडे पॅड होते म्हणे. बघितलं तर गादीच्या फोमचे चार इंची चार तुकडे, कॅबिनेटच्या चार कोपऱ्यांत. चार दहा-इंची स्पीकरची कॅबिनेट, पंचेचाळीस किलोच्या आसपास. एवढ्या वजनाखाली ते तुकडे पापडासारखे चपटे झालेले. पूर्ण दबलेला फोम स्प्रिंगचं काम करत नाही. तो कंपनं सरळ खाली पाठवतो.

पॅड म्हणजे शेवटी स्प्रिंगच. वजन ठेवल्यावर तो किती मिलिमीटर दबतो यावर त्याची स्वतःची कंपनसंख्या ठरते: 15.8 ला दबण्याच्या वर्गमुळाने भागायचं. 4 मिमी दबला तर सुमारे 8 हर्ट्झ. प्रत्यक्षात फोम आणि रबर कंपनाला हिशेबापेक्षा कडक वागतात, म्हणून तो आकडा दहा-बारा धरावा. या आकड्याच्या साधारण 1.4 पटीच्या वर पॅड कंपनं अडवू लागतो, खुद्द त्या आकड्याच्या आसपास मात्र ती उलट वाढतात. चार तारांच्या बेसची सर्वांत खालची ई 41 हर्ट्झ, पाच तारांची बी 31. त्यामुळे पॅडचा आकडा दहाच्या आसपास हवा.

मंडपवाल्याकडे दोन इंची, चांगल्या डेन्सिटीचा फोम होता. त्याचे कॅबिनेटच्या रुंदीएवढे लांब, पाच इंच रुंदीचे दोन पट्टे कापले, वर 18 मिमी प्लायचा तुकडा, त्यावर कॅबिनेट. दोन इंचाचा फोम पावणेदोनवर आला. तेवढंच हवं होतं. प्लाय यासाठी की कॅबिनेटची चाकं फोममध्ये रुततात. चाकं काढून ठेवली तर सर्वांत बरं. उंच, आठ स्पीकरचं कॅबिनेट मात्र अशा फोमवर कधीच उभं करू नये. ते डुलतं, आणि स्टेजवर कोणीतरी धक्का देतोच.

घूम गेली. लगेच बेसवाल्याची तक्रार आली, "दादा, पायाला लागत नाही आता." बरोबरच होतं, पायाखालची थरथर हाच त्याचा मॉनिटर होता. अशा वेळी हात व्हॉल्यूमकडे जातो आणि कमावलेलं सगळं जातं. कॅबिनेटचं तोंड पुढून वर करून त्याच्या कानाकडे वळवलं, तेव्हा तो आहे त्या व्हॉल्यूमवर वाजवायला तयार झाला.

कार्यक्रम आटोपल्यावर त्याने घरचं गाऱ्हाणं काढलं, म्हणून गिरगावातल्या त्याच्या चाळीत गेलो. लाकडी तुळया, फळ्या, वर लादी. खालच्या काकूंच्या मांडणीवरची भांडी वाजायची. इथे पंधरा किलोचा छोटा कॉम्बो (अँप आणि स्पीकर एकाच पेटीत), त्याखाली एसीच्या आउटडोअर युनिटचे रबरी पॅड. हे पॅड चांगले, पण जड मशीनसाठीचे. पंधरा किलोला ते दबतच नाहीत, म्हणून अडवतही नाहीत. ते काढून फोमचे अरुंद पट्टे आणि प्लाय लावला. भांडी गप्प झाली.

काकू वर येऊन म्हणाल्या, "भांडी थांबली रे, पण छातीत धडधडतं ते आहेच." ते हवेतलं. खोली दहा फूट रुंद. आवाजाचा वेग सेकंदाला 343 मीटर धरला तर तिची पहिली घूम 56 हर्ट्झवर, म्हणजे पुन्हा तीच ए. त्यात अँप कोपऱ्यात. आवाज मोजायच्या मोबाइल ॲपवर काहीच दिसत नव्हतं, कारण ते डेसिबलच्या ए स्केलवर होतं (सुराच्या एशी याचा संबंध नाही) आणि ते स्केल 50 हर्ट्झला तीस डेसिबलने कमी मोजतं. खालचे सूर फारसे न कापणारं सी स्केल लावलं तेव्हा आकडा कळला. अँप कोपऱ्यातून काढून खाटेच्या उंचीच्या स्टुलावर ठेवला, फोम मधे, अँपच्या ईक्यूवर (सुरांची पट्टी कमी-जास्त करायच्या बटणांवर) 55च्या आसपासचा भाग खाली आणि रियाझ उशिरा असेल तर हेडफोन.

फोम मुंबईच्या दमटपणात भुसभुशीत होतो. गणपतीपूर्वी एकदा वजन ठेवून जाडी मोजायची. दोन इंचाचा फोम दीडच्या खाली गेला की बदलायचा.