तुम्ही विचारलंत म्हणून: हात वर करायच्या आधी

मंगळवारच्या बाजारात मेथीची जुडी हातात घेतली की प्रश्न येतोच. "ताई, नगरपरिषदेच्या पुढच्या मीटिंगला काय काय आहे? आणि तुम्ही कुणाकडून?" पहिला प्रश्न तोंडदेखला असतो, खरा दुसराच. काहीजण तो मला न विचारता आमच्या ह्यांना दुकानात जाऊन विचारतात. हे बिचारे साखर तोलता तोलता सांगतात, "तिलाच विचारा, मला सभागृहात बसायला खुर्ची नाही." तर विचारलंतच, म्हणून एकदा सगळं सविस्तर सांगून टाकते.

आधी मी कुठून आले ते सांगते, कारण माझ्या मताचं मूळ तिथे आहे. पतसंस्थेत सतरा वर्षं मी कॅशवर होते. आमच्या ब वर्ग नगरपरिषदेत जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते, सरकारने नेमलेले प्रशासक होते. 2 डिसेंबर 2025ला मतदान झालं, 21 तारखेला मोजणी झाली आणि महिलांसाठी राखीव जागेवर मी निवडून आले. पहिलं अंदाजपत्रक हातात पडलं तेव्हा जुन्या सवयीने मी जमेची बाजू सोडून खर्चाची आधी वाचली. बाकीचे सगळे आपापल्या प्रभागातले रस्ते शोधत होते. खोटं कशाला बोलू, नंतर मीही शोधले.

त्या रात्री एक गोष्ट डोक्यात बसली ती अजून हललेली नाही. नवं बांधायला कुठून ना कुठून पैसे येतात, बांधलेलं चालवायला कोणी देत नाही. नगरोत्थान म्हणा, अमृत म्हणा, सरकारी योजनेत टाकी येते, पाइपलाइन येते, बाग येते. पण त्या टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपाचं वीजबिल, व्हॉल्व्हमनचा पगार, तुरटी, ब्लीचिंग हे सगळं आपल्याच तिजोरीतून. आणि आपली तिजोरी म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं. जकात गेल्यापासून कर्मचाऱ्यांचे पगारसुद्धा सरकारच्या सहायक अनुदानाची वाट बघतात. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी मिळाला, पण आपल्यासारख्या दहा लाखांखालच्या शहरांना त्यातला 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायची अट होती.

बागेतलं कारंजं तुम्ही बघितलंय. अनुदानात बसवलं, फीत कापली, दुसऱ्या उन्हाळ्यात मोटर जळाली. आता त्या गोल हौदात पोरं क्रिकेट खेळतात आणि भिंतीला लागला की चौका धरतात. मला त्या कारंज्याचा राग नाही. पण पुढचं कारंजं आलं तर मी एकच विचारणार, मोटर जळाल्यावर पैसे अंदाजपत्रकातल्या कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे खर्चाच्या खात्यातून, भरणार?

आता तुम्ही सगळ्यात जास्त विचारता ते नळाचं मीटर. विषय येणार आहे, आणि मी त्याच्या बाजूने हात वर करणार आहे. हे वाचून निम्म्या गल्लीचा चहा मला बंद होईल, तरी सांगते. आज अर्धा इंची नळाला वर्षाची ठोक पट्टी आहे. दोन माणसांच्या घराला तीच आणि खाली वॉशिंग सेंटर, वर भाडेकरू असलेल्या घरालाही तीच. शहरासाठी माणशी 135 लिटरचं मान धरतात. पाच माणसांच्या घराला दिवसाला 675 लिटर झाले. आमच्या वेशीकडच्या चढावरच्या आळीत एक दिवसाआड पाणी येतं, तेव्हा बायका बादल्या मोजतात. त्याच वेळी खालच्या आळीत नळाला मोटर लावलेली असते आणि गच्चीवरची टाकी भरून पन्हाळीतून रस्त्यावर वाहते. ते वाहणारं पाणी जॅकवेलपासून, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीपासून, इथवर विजेच्या पैशाने चढवलेलं असतं. ते पैसे चढावरच्या आळीनेही भरलेत.

पण माझ्या अटी आहेत, आणि त्या मी लेखी देणार आहे. पहिले मीटर लॉज, मंगल कार्यालयं, वॉशिंग सेंटर यांना. घरांना त्यानंतर. कमी वापराच्या पहिल्या टप्प्यातल्या पाण्याचा दर आजच्या पट्टीपेक्षा जड होता कामा नये, उधळणाऱ्याला मात्र चढता दर लागला पाहिजे. नळकोंडाळी, म्हणजे गल्लीतले सार्वजनिक नळ, बंद करायची नाहीत. आणि मुख्य म्हणजे मीटर लावायच्या आधी गळती. जुन्या पाइपातून जमिनीत मुरणाऱ्या पाण्याचा हिशेब नगरपरिषदेने द्यायचा आणि मग माझ्या दारात मीटर घेऊन यायचं. ह्या अटी विषयासोबत जोडायच्या टिपणीत आल्या नाहीत तर विषय पुढच्या सभेवर ढकला म्हणेन. तेही नाही जमलं तर विरोध. म्हणजे 'बाजूने' म्हणाले ते इतपतच, हे आत्ताच सांगून ठेवते.

बाजारतळावरच्या व्यापारी संकुलाला माझा विरोध आहे, आणि तिथे अटीबिटी काही नाहीत. तळमजल्यावर गाळे, वर हॉल, बाजार 'तात्पुरता' बायपासकडे. हा तात्पुरता शब्द मला चांगला माहीत आहे. आधीच्या संकुलातले किती गाळे शटर ओढून आहेत ते जाता-येता मोजा. किती गाळ्यांत मूळ लिलावातला माणूस बसलाय तेही बघा. अनामत रकमा एकदा मोठ्या दिसतात, नंतर भाडं थकतं आणि आपण नोटिसा काढत बसतो. उलट बाजारतळाला चालवायचा खर्च किती? झाडलोट, दोन दिवे आणि एक चांगलं स्वच्छतागृह, जे आज नाही आणि ज्यावाचून खेड्यावरनं पहाटे आलेल्या बायका दुपारपर्यंत पाणी पीत नाहीत. मी तेच मागणार आहे.

शिवाय कायदा आहे. पथविक्रेत्यांच्या 2014च्या कायद्याने नगर पथविक्रेता समिती नेमायची असते, आणि तिच्यात किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात. 50 वर्षांहून जुना बाजार वारसा बाजार ठरवावा, तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असंही त्याच्या परिशिष्टात आहे. आपला बाजार माझ्या आजीच्या सासूच्या वेळचा. तेव्हा आधी हा विषय त्या पथविक्रेता समितीपुढे, मग सभागृहात. "विकासाला विरोध करताय," असं एक ज्येष्ठ सदस्य मला चहाच्या वेळी म्हणाले. मी म्हटलं, काका, तुम्ही भाजी कुठनं आणता? ते हसले. मतदानाला मात्र ते तिकडेच असतील.

घरपट्टीची दर चार वर्षांनी होणारी चतुर्थवार्षिक आकारणी येईल तेव्हा दर वाढवायला मी नाही म्हणेन, पण नोंदच नसलेले वरचे मजले यादीत घ्यायला हो. तुमच्या घराचं करयोग्य मूल्य, म्हणजे ज्यावर पट्टी बसते तो आकडा, नगरसेवक ठरवत नाही, अधिकारी ठरवतो. नोटीस आली की मुदतीत हरकत घ्या, सुनावणीला स्वतः या. मला फोन करून ते कमी होत नाही. बिलातला शिक्षण कर आपल्याकडे राहतही नाही, सरकारजमा होतो. आणि थकबाकीवरची दरमहा दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड, सरसकट माफ करा म्हणणाऱ्यांना माझं उत्तर नाही असंच आहे. आजारपण, विधवा बाई, बुडालेला धंदा असेल तर एकेक अर्ज बघू. पण मार्चमध्ये रांगेत उभं राहून भरणारा माणूस येडा ठरू नये.

आता एक शेवटचं, जे तुम्ही कधी विचारत नाही. सर्वसाधारण सभेची नोटीस सात दिवस आधी निघते, तिच्यात विषय छापलेले असतात. पण विषयपत्रिकेच्या तळाला एक ओळ असते, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. गंमत बघा, मोठ्या रकमेचे विषय नेमके ऐनवेळीच कसे सुचतात कोण जाणे. सभा संपत आलेली, जेवणाचा वास येतोय, कोणीतरी वाचतो आणि मागून "मंजूर, मंजूर". मागच्या सभेत मी उठून म्हटलं, माझा विरोध इतिवृत्तात नोंदवा. विषय काय आहे तेही मला नीट कळलं नव्हतं, आणि विरोध त्यासाठीच होता. माझ्या प्रभागातले दुसरे सदस्य वेगळ्या पक्षाचे आहेत, भाऊ म्हणते मी त्यांना. तेही उठले. दोघांचा विरोध लिहिला गेला, विषय मंजूर झाला.

पुढचा अजेंडा शुक्रवारी हातात पडेल. दुकानात गल्ल्याशेजारी प्रत ठेवते, वाचा, खुणा करा. टिपण्या जोडलेल्या नसतील तर त्या मी मागून आणीन. सभेला मागच्या बाकांवर बसताही येतं, कोणी उठवत नाही. झेरॉक्सचे पैसे मात्र ज्याचे त्याने द्यायचे, मागच्या वेळचे अकरा रुपये अजून यायचेत.