मोती कोणी घेतला, ते सांगत नाहीत

परवा दारावर पुन्हा चिठ्ठी. इमारतीच्या तळघरातलं वॉशिंग मशीन मी माझी पाळी संपल्यावर वीस मिनिटं जास्त वापरलं, हे कोणाच्या तरी नजरेत आलं होतं. माझ्या आडनावाचं स्पेलिंग अचूक. इतक्या वर्षांत इथल्या बँकेलाही ते धड जमलेलं नाही. खाली सही मात्र 'एक शेजारी'. रविवारी धुणं नाही, रात्री दहानंतर मशीन नाही, जाळीतला कचरा आपला आपण काढायचा, हे सगळं मला पाठ आहे. तरी वीस मिनिटं म्हणजे काय हो? पावसाळ्यात आमच्या चाळीच्या गॅलरीत कोणाची चादर कोणाच्या दोरीवर असायची ते देव जाणे, पण त्यावरून कोणी पत्रव्यवहार केला नाही. (भांडणं व्हायची. पण ती तोंडावर.)

तर याच जिनिव्हात, जिथे मी कुठल्या वारी काय धुतलं याची नोंद असते, तिथे १४ नोव्हेंबर २०१८ ला फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचा मोती लिलावात विकला गेला आणि तो कोणी घेतला ते आजवर जाहीर नाही.

लिलावाच्या आधी दागिने लोकांना बघायला ठेवतात. तिकीट नाही, काही नाही. ऑफिस सुटल्यावर मी तशीच गेले, पिशवीत रिकामा डबा. मनात भीती, की सराफ्यातल्या बड्या पेढीत बघतात तशी आधी चपलांकडे नजर जाणार. पण काउंटरवरच्या मुलीनं शेजारच्या पेटीतली एक अंगठी काढून "घालून बघता का?" असं विचारलं. मी घाबरून नको म्हटलं. ती अंगठी घालायला हवी होती, असं अजून वाटतं.

मोती थेंबासारखा, जेमतेम अडीच सेंटिमीटर उंचीचा, वर हिऱ्यांची गाठ. राणीनं १७९१ मध्ये आपले दागिने पेटीत भरून ब्रुसेल्समार्गे व्हिएन्नाला, माहेरी, धाडले. स्वतः मात्र फ्रान्समधून निसटू शकली नाही. १७९३ मध्ये गिलोटिनखाली गेली. दागिने वाचलेल्या एकुलत्या मुलीला मिळाले, तिच्याकडून दिराच्या मुलीला, आणि तिथून बुर्बाँ-पार्मा या राजघराण्यात दीडशेहून जास्त वर्षं राहिले. लिलाव करणाऱ्या सॉदबीज कंपनीचा अंदाज होता १० ते २० लाख डॉलर. गेला ३ कोटी ६० लाखांच्या वर. तेव्हाच्या भावानं अडीचशे कोटी रुपयांहून जास्त.

ही किंमत मोत्याची नाहीच. ती नावाची. विकणाऱ्याची अख्खी वंशावळ कॅटलॉगमध्ये छापतात, कारण तीच विकायची असते. घेणाऱ्याचं नाव मात्र कुठेच नाही. फोनवरून बोली, नाहीतर खोलीत बसलेला कोणाचा तरी माणूस. कतारच्या राजघराण्यातले शेख हमद बिन अब्दुल्ला अल थानी यांच्यासारखे उघडपणे जमवणारे थोडेच. त्यांच्या संग्रहातले मुघल आणि महाराजांचे दागिने २०१९ मध्ये क्रिस्टीज या दुसऱ्या लिलाव कंपनीनं न्यूयॉर्कला विकले, १० कोटी ९० लाख डॉलरना. ते पुढे कोणाकोणाच्या तिजोरीत गेले?

इथे मला मिशीला पीळ देता येत नाही. गायकवाडांचे ते सात पदरी मोती महाराणी सीतादेवींबरोबर बडोद्याहून युरोपात आले, आणि त्यातले निवडून केलेले दोन पदर २००७ मध्ये न्यूयॉर्कला ७१ लाख डॉलरना गेले. इंग्रजांनी नेलं ते वेगळं. हे आपणच विकलं. पण राज्य गेल्यावर माणसानं करायचं काय?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये आईचा फोन. नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार मुंबईत आली, लंडनच्या लिलावातून, ४७ लाख १५ हजार रुपयांना. "बघ, आपल्या सरकारनं राजरोस घेतली, नाव सांगून!" मी बातमी उघडली. तलवार मध्यस्थामार्फत घेतली होती. लिलावात सरकारचं नाव नव्हतंच. आईला मी ते सांगितलं नाही. तलवार आली, एवढं खरं, आणि ती आता संग्रहालयातच राहणार.

आईनंच मग विषय काढला, आजीच्या पाटल्यांचा. माझ्या इथल्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी त्या मोडल्या. सोनारानं काट्यावर ठेवल्या, घट धरली, हिशेब केला. आजीनं त्याला विचारलं होतं, "आता या कोणाच्या हातात जाणार?" तो म्हणाला, "आजी, आधी मुशीत जाणार."

चिठ्ठी अजून फ्रिजवर लावलेली आहे. माझी पाळी गुरुवारी, सहा ते नऊ.