नव्वदने गुणायचा रोग आणि माझं एकवीस लाखांचं कर्ज

मागच्या आठवड्यात मावसभावाचा फोन आला, त्याला पण मास्टर्सला इकडे यायचंय. बोलता बोलता सहज विचारलं, "ताई, जर्मनीत शिक्षण फुकट असतं ना, मग तुझं कर्ज कसलं गं?" मी हसले, पण फोन ठेवल्यावर वाटलं की हे एकदा नीट लिहूनच काढावं, कारण हा प्रश्न कराडात आमच्या गल्लीत प्रत्येकाने पप्पांना विचारून झालाय आणि पप्पा दरवेळी विषय बदलतात.

तर फुकट असतं, बऱ्याच राज्यांत असतं. पण मी स्टुटगार्टला आहे, आणि हे राज्य म्हणजे बाडेन-व्युर्टेमबर्ग २०१७ च्या हिवाळी सेमिस्टरपासून युरोपियन युनियनच्या बाहेरच्या मुलांकडून सेमिस्टरला १५०० युरो फी घेतं. चार सेमिस्टरचे झाले ६०००. शिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट लागतं, माझ्या वेळी २०२१ ला त्यात १०,३३२ युरो भरून दाखवावे लागायचे, मग इथे आल्यावर त्यातले महिन्याला ८६१ युरो तुम्हाला मिळतात, म्हणजे आपलेच पैसे आपल्यालाच हप्त्याने. (सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ झाली, भावाला सांगितलं तर गप्पच झाला.) त्यात विमान, व्हिसा, खोलीचं डिपॉझिट, दुसऱ्या वर्षाचा थोडा खर्च. सगळं मिळून १८ लाखांचं एज्युकेशन लोन, साडेदहा टक्क्याने, आणि तारण आमचं कराडचं घर. पप्पांनी झेडपीच्या शाळेत शिकवून बांधलेलं घर.

मोरॅटोरियममध्ये, म्हणजे शिक्षण चालू असतानाच्या सवलतीच्या काळात, हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. हे बँकेतल्या साहेबांनी सांगितलं होतं बहुतेक, पण त्या दिवशी माझं सगळं लक्ष व्हिसाच्या अपॉइंटमेंटकडे. कोर्स संपून हप्ता सुरू झाला तेव्हा १८ चे २१ लाख ६० हजार झाले होते.

आता रोगाबद्दल. इथे येणाऱ्या प्रत्येक भारतीय पोरापोरीला हा होतो, समोर दिसेल त्या युरोच्या आकड्याला नव्वदने गुणून रुपये काढायचे. कॉफी तीन युरो म्हणजे २७० रुपये, नको. कोथिंबिरीची एवढीशी जुडी दीड युरोला, म्हणजे १३५ रुपये, एवढ्यात आपल्या मंडईत पिशवी भरून भाजी आली असती. थंडीत ट्रामचे पैसे वाचवायला मी चार-चार किलोमीटर चालत गेलेय आणि स्वतःला शाबासकी दिलीये की बघा किती काटकसरी पोरगी. आणि त्याच काळात माझ्या खात्यातून दर महिन्याला २९ युरो ९० सेंट एका जिमला जात होते. तिथे मी तीन वर्षांत एकूण नऊ वेळा गेले असेन.

त्या जिमचं सांगतेच. नोव्हेंबर २०२१ ला नवीन-नवीन उत्साहात दोन वर्षांचा करार सही केला. इथे करार आपोआप संपत नाही, तुम्ही मुदतीच्या आधी लेखी कळवायचं असतं, त्याला क्युंडिगुंग म्हणतात, आणि ते नाही कळवलं तर जुन्या करारांमध्ये सरळ आणखी एक वर्ष वाढायचं. मार्च २०२२ नंतरच्या नवीन करारांना कायदा बदलला, आता पहिली मुदत संपल्यावर एक महिन्याच्या नोटिशीत सुटता येतं, पण माझी सही चार महिने आधीची. दोनदा विसरले, दोनदा वाढला. जानेवारी २०२५ मध्ये हिशोब केला तर साडेअकराशे युरोच्या वर गेले होते, म्हणजे एका वेळच्या व्यायामाला १३० युरो पडले. कॉफीचे २७० रुपये वाचवणारी ती हीच पोरगी!

आणि या गुणाकाराला दुसरी बाजू पण आहे, ती जास्त वाईट. मार्च २०२४ ला नोकरी लागली, टॅक्स आणि इन्शुरन्स कापून हातात २७०० युरो. गुणिले नव्वद. २ लाख ४३ हजार रुपये महिना! आता सांगा, असा आकडा ऐकल्यावर कुणाचं डोकं ठिकाणावर राहील? नवीन फोन हप्त्यावर घेतला, ऑफिसातल्या लोकांबरोबर रोज बाहेर लंच, शनिवार-रविवार कुठेतरी फिरायला, डिसेंबरला घरी जाताना बॅग भरून चॉकलेटं, परफ्यूम, आत्याला हे, काकूला ते, आणि एवढं करूनही एका काकूंनी विचारलंच, "एवढंच आणलंस होय?" कर्जाचा हप्ता २९,१४६ रुपये, म्हणजे इथले सव्वातीनशे युरो, ते तर किरकोळच वाटायचे. हप्ता वेळेवर जातोय ना, मग झालं.

जानेवारीत परत आल्यावर पप्पांनी व्हॉट्सअ‍ॅपवर बँकेच्या स्टेटमेंटचा फोटो पाठवला, खाली काहीच लिहिलं नाही. दहा हप्ते भरले होते, २ लाख ९१ हजार. त्यातून मुद्दल कमी झालं होतं १ लाख ७ हजारांच्या आत. बाकीचे १ लाख ८५ हजार व्याज. मी तीन वेळा बेरीज केली. पहिल्या हप्त्यातलेच १८,९०० व्याजाचे होते, साधा गुणाकार आहे, २१ लाख ६० हजारांवर साडेदहा टक्के भागिले बारा, पण तोपर्यंत मी तो कधी केलाच नव्हता. नव्वदचा पाढा तोंडपाठ आणि हा गुणाकार एकदाही नाही.

त्या रात्री बसून तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट एक्सेलमध्ये टाकलं. खरं सांगू, लाज वाटली. जिम ३०, फोनचा करार ४०, दोन स्ट्रीमिंग, त्यातलं एक मी आणि वेगेतली (वेगे म्हणजे तिघींनी मिळून घेतलेलं घर) पोलिश मैत्रीण दोघी वेगवेगळे भरत होतो, लंच महिन्याला १७० च्या आसपास. कॉफी, कोथिंबीर, ट्राम हे जे मी पोटाला चिमटा काढून वाचवत होते ते सगळं मिळून महिन्याला ४० युरो पण होत नव्हतं. गळती भलतीकडेच होती, ज्या वस्तूंवर किंमतीची चिठ्ठी नसते तिकडे. महिन्याच्या करारांना कुणी नव्वदने गुणत नाही ना.

आमच्या खालच्या मजल्यावर एक ऐंशीच्या पुढच्या आजी राहतात. हा भाग श्वाबियन लोकांचा, आणि श्वाबियन माणसाच्या कंजूषपणावर अख्खी जर्मनी विनोद करते. २००८ च्या मंदीत जर्मनीच्या तेव्हाच्या चॅन्सलर मॅर्केल बाईंनी त्यांच्या पक्षाच्या स्टुटगार्टच्या अधिवेशनात म्हटलं होतं की श्वाबियन गृहिणीला विचारा, ती सांगेल की ऐपतीबाहेर फार दिवस जगता येत नाही. तर आमच्या आजी म्हणजे तीच गृहिणी. त्यांच्याशी माझं नातं फारसं प्रेमाचं नाही, ओल्या कचऱ्यात प्लॅस्टिक टाकलं म्हणून मला एकदा जिन्यात उभं करून ऐकवलंय. पण एकदा त्यांचं पार्सल द्यायला गेले तर टेबलावर एक वही उघडी, तारीख, दुकान, रक्कम, पेन्सिलीने. हाउसहाल्ट्सबूख म्हणतात, घरखर्चाची वही. मला एकदम आईचं कालनिर्णय आठवलं, दुधाच्या रतीबाचे आकडे, गॅस कधी लावला, भिशीचा नंबर कुणाचा लागला, सगळं त्या चौकोनांत. आईने आयुष्यात एक्सेल बघितलं नाही आणि तिचा हिशोब कधी चुकला नाही.

मी पण वही केली. ॲप करून बघितलं होतं, पण ॲपमध्ये आकडा आपोआप येतो आणि आपोआप विसरला जातो, हाताने लिहिताना जरा टोचतं. आणि लिहिते ती युरोतच, रुपयात नाही. हा नियम स्वतःला घातला की इथली कमाई आणि इथला खर्च यात नव्वद आणायचे नाहीत. कॉफी माझ्या पगाराच्या किती आहे एवढंच बघायचं.

मग पगाराच्या दिवशीच कर्जासाठी १२०० युरो वेगळ्या खात्यात. बँकेला एकदा सांगून ठेवलं, ते आपोआप जातात, म्हणजे महिनाअखेरीला उरले तर भरू हा प्रकारच बंद, कारण महिनाअखेरीला कधी कुणाचे उरलेत? खोली ५८० (पगार झाल्यावर सगळे म्हणत होते आता स्वतःचं घर घे, इथे एका खोलीचं घर त्याहून बरंच महाग, नाही घेतलं), किराणा २२०, प्रवासाचा पास ५८, तो जानेवारी २०२६ पासून ६३ झाला, रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी घराला १८ युरो ३६ सेंट, ती तिघींत वाटून ६ युरो १२ सेंट. फोन करार संपला तसा १० युरोवाला घेतला. दीडशे अडीनडीला. जिम नोव्हेंबरपर्यंत सुटणार नव्हती, तर सूड म्हणून आठवड्यातून तीनदा जायला लागले आणि अंघोळ पण तिथेच. आता स्टुटगार्टच्या टेकड्यांवरचे जिने आहेत, स्टेफेले म्हणतात, गावभर शेकडो आहेत, एक चढून बघा, जिम लागत नाही.

जेवणाचं म्हणाल तर डबा. रविवारी दुकानं बंद असतात इथे, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी सुपरमार्केटात ज्यावर ३० टक्क्यांचं स्टिकर लागतं ते उचलायचं, कोथिंबीर आणि डाळी टर्किश दुकानातून, तिथे जुडी मोठी आणि स्वस्त, आणि रविवारी आमटी, उसळ, पोळ्या करून फ्रीजरला. पाण्याच्या-कोल्ड्रिंकच्या प्लॅस्टिक बाटलीवर २५ सेंट डिपॉझिट असतं, ते मशीनमध्ये टाकून चिठ्ठी घ्यायची, त्यातून दूध-पाव सुटतो. यात मोठी रक्कम वाचत नाही हे मला माहितीये, पण मजा येते.

सगळ्यात अवघड गेलं ते लंचला नाही म्हणणं. आपल्याकडे हॉटेलात बिल कोण देणार यावर भांडण होतं, पाकीट काढायच्या आधी हात धरतात. इथे वेटरच विचारतो, एकत्र की वेगवेगळं, आणि सगळे आपापले साडेनऊ युरो मोजून देतात. मी महिनाभर कारणं सांगितली, पोट बरं नाही, मीटिंग आहे. शेवटी एकदा बोलून टाकलं की मला कर्ज फेडायचंय, मी डबा आणते. समोरचा जर्मन मुलगा म्हणाला, अच्छा, किती टक्क्याने? मी सांगितलं. त्याचे डोळेच मोठे झाले, म्हणाला मग लंच कशाला, सगळं तिकडेच भर. बास, एवढंच. ज्या गोष्टीसाठी पप्पा गल्लीत विषय बदलतात ती इथे चार वाक्यांत संपली. गंमत म्हणजे जर्मनमध्ये कर्जाला शुल्डन म्हणतात आणि अपराधाला शुल्ड, तरी पण लाज आपल्यालाच जास्त.

जास्तीचे पैसे भरताना एक घोळ झाला तो भावाला मुद्दाम सांगितलाय. पहिल्यांदा जास्त रक्कम गेली तर बँकेने ती पुढच्या हप्त्यांचा ॲडव्हान्स म्हणून धरली, मुद्दल तसंच. पप्पा शाखेत तीन खेपा घालून अर्ज देऊन आले, की ही रक्कम मुद्दलात वळती करा, हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. हे लेखीच द्यावं लागतं आणि पुढच्या स्टेटमेंटला तपासावं लागतं. फ्लोटिंग रेटच्या, म्हणजे बदलत्या व्याजदराच्या कर्जावर मुदतीआधी भरल्याचा दंड बँका लावू शकत नाहीत, रिझर्व्ह बँकेचा २०१४ पासूनचा नियम आहे, तो पप्पांनी प्रिंट काढून नेला होता. मास्तर शेवटी.

नोकरीचं पहिलं वर्ष मार्चला सुरू झालं म्हणून टॅक्स जास्त कापला गेला होता, रिटर्न भरल्यावर नऊशेच्या आसपास युरो परत आले, तेही तिकडेच. आणि तो नव्वदचा पाढा आता खोटा ठरला, २०२५ मध्ये युरो शंभरच्या वर गेला. फेब्रुवारीत १२०० युरोचे १ लाख ९ हजार व्हायचे, शेवटी शेवटी सव्वा लाखाच्या घरात. फक्त इथेच मी गुणाकार करते आणि मनापासून करते. एक जण म्हणाला, थांब, अजून वाढेल, तेव्हा एकदम पाठव. पण तोपर्यंत साडेदहा टक्के काय झोपून राहणार आहेत का?

सप्टेंबरला आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्या महिन्यात नुसता हप्ता गेला. डिसेंबरला घरी गेले नाही. हे मात्र जड गेलं, वहीत त्याचा रकाना नाही. आई म्हणाली, "तिकिटाचे साडेआठशे आणि चॉकलेटांचे चारशे युरो वाचले म्हण की," आणि मग बराच वेळ काहीच बोलली नाही.

आज पावणेआठ लाख राहिलेत. असंच चाललं तर आणखी सहा-सात महिन्यांत संपेल असं एक्सेल म्हणतंय, पप्पा म्हणतात घराचे कागद हातात येईपर्यंत कुणाला सांगू नकोस. आणि मी इथे सगळ्यांना सांगत बसलेय. असो, दारावर पाटी लटकलीये, या आठवड्यात जिना झाडायची पाळी आमच्या घराची आहे आणि आजी खालून बघत असतात.