वडिलांचे नाव

मराठी माणसाच्या नावात बाप मधोमध ठाण मांडून बसलेला असतो. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांसाठी सरकारने त्याच्या शेजारी आईचीही सोय केली, म्हणजे आता दोघांचं ओझं. त्यामुळे हॅरी पॉटरचं पूर्ण नाव हॅरी जेम्स पॉटर आहे आणि जेम्स हे वडिलांचं नाव आहे, हे कळल्यावर हा पोरगा मला एकदम आपल्या चाळीतला वाटायला लागला.

बाकी लक्षणंही आपल्याकडचीच. भेटेल तो सांगतो, ‘अगदी बापावर गेलायस, डोळे तेवढे आईचे.’ आईबाप गेले तेव्हा हा जेमतेम सव्वा वर्षाचा. पहिल्या पुस्तकात (1997) त्याला वडिलांचा अदृश्य करणारा अंगरखा मिळतो, शाळेचा रखवालदार हॅग्रिड फोटोंचा अल्बम देतो. फोटोतले आईबाप हलतात, हात हलवतात, पण बोलत नाहीत. हा बाप हॅरीला फार आवडतो. न बोलणारा बाप कुणाला आवडणार नाही?

मग 2003 साली पाचवं पुस्तक आलं आणि लेखिका रोलिंगबाईंनी त्या बापाला बोलायला लावलं. नावडत्या स्नेपमास्तरांच्या, चोरून पाहिलेल्या एका आठवणीत हॅरीला पंधरा वर्षांचा जेम्स दिसतो. परीक्षेचा पेपर देऊन बाहेर आलाय, केस मुद्दाम विस्कटतोय, मुलींकडे बघतोय. मित्राला कंटाळा आला म्हणून एकट्या बसलेल्या शाळकरी स्नेपला चारचौघांत उलटा टांगतो. मध्ये पडते ती लिली, म्हणजे हॅरीची आई, आणि तिला हा जेम्स डोळ्यांसमोर नको असतो.

मुलांच्या पुस्तकात इतकं धाडसाचं प्रकरण मी फार कमी वाचलंय. राक्षस मारणं त्यामानाने सोपं. बाप गेला की घरोघरी त्याच्या फोटोला हार चढतो आणि त्याचबरोबर त्याची खोडी, त्याचा माज, त्याने कुणाला दिलेला त्रास, सगळं गुपचूप माळ्यावर जातं. पोराच्या वाट्याला येतो तो धुऊन इस्त्री केलेला बाप. हॅरीला तर माळ्यावरचं गाठोडं अशा माणसाकडे सापडतं, ज्याचा तो मनापासून द्वेष करतो. अस्वस्थ होऊन तो शाळेतून हाकललं जायचा धोका पत्करतो, शेकोटीत डोकं घालून वडिलांच्या मित्रांना, सिरियस आणि ल्युपिनला, जाब विचारतो. ल्युपिन म्हणतो, अरे, तो पंधराचा तर होता! ‘मीही पंधराचाच आहे!’ हॅरी उसळतो. यावर त्या दोघांकडे धड उत्तर नाही. उलट जुन्या आठवणींनी त्यांना हसू फुटतं. आपले काका-मामा हसतात तसंच.

तरीही माझा जीव खरा अडकतो हॅरीच्या वर्गातल्या नेव्हिलमध्ये. त्याचे आईवडील जिवंत आहेत, पण छळाने वेडे होऊन इस्पितळात. आई त्याला च्युइंगगमचा रिकामा कागद देते. आजी म्हणते, टाक तो केराच्या टोपलीत, एवढे दिलेत की खोलीच्या भिंती मढवता येतील. नेव्हिल तो हळूच खिशात घालतो. हीच आजी पाहुण्यांसमोर सांगते, की बापाची हुशारी काही याच्यात उतरली नाही. कशी उतरेल? पोराच्या हातात जादूची छडी आहे ती बापाची! थोरल्या भावाच्या चपला घालून धावायच्या शर्यतीत उतरवावं तसला प्रकार. पाचव्या पुस्तकाच्या शेवटी ती छडी मोडते. आता आजी जीव घेईल म्हणून नेव्हिल घाबरतो, मला मात्र हायसं वाटलं. पुढच्या वर्षी त्याला स्वतःची नवी छडी मिळते, चेरीच्या लाकडाची.

हॅरी मात्र मोठा होऊन काय करतो? पोरांची नावं ठेवतो जेम्स सिरियस, अल्बस सेव्हेरस, लिली लुना! धाकट्या मुलाच्या नावात दोन-दोन हेडमास्तर, डंबलडोर आणि तोच स्नेप. एवढं सोसूनही हा पठ्ठ्या सुधारला नाही.

त्यापेक्षा शाळेतल्या मॅकगोनागलबाई बऱ्या. मंत्रांच्या विषयात नेव्हिलला चांगले मार्क, पण आजीच्या मते तो विषय फालतू. बाई त्याला सांगतात, हा विषय तू घेच. आणि आजीला मी पत्र लिहून कळवते, की स्वतः त्यात नापास झाल्या म्हणून विषय काही टाकाऊ ठरत नाही.