भोगीच्या दिवशी नाकातनं आलेला चहा

भोगीचा दिवस होता. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसात क्लिनिकला तशी गर्दी नसतेच, अर्धं सोलापूर नंदीध्वजांच्या मिरवणुकीमागं असतं आणि उरलेलं अर्धं सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्याच्या आसपास जागा धरून उभं असतं. मी पण अकराच्या सुमारास शटर ओढून निघायच्या तयारीत होतो तेवढ्यात रिक्षातनं दोघी उतरल्या. कुंभारीच्या विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, एक अम्मा आणि त्यांची सून. अम्मांची वरची डावी दाढ मी चारच दिवसांपूर्वी काढली होती. मला वाटलं दुखत असेल, सूज असेल, गोळ्या बदलून देऊ.

अम्मा खुर्चीत बसल्या पण नाहीत. पदर नाकाला लावून उभ्या उभ्याच म्हणाल्या, "डॉक्टर, चहा पिलं की नाकातनं येलालंय. पाणी पण. एकाच बाजूनं."

माझ्या पोटात खड्डा पडला. कारण हे वाक्य आम्ही कॉलेजात परीक्षेत उत्तर म्हणून लिहिलेलं असतं आणि ते पेशंटच्या तोंडून ऐकलं की दुसरं काही असूच शकत नाही हे त्याच क्षणी कळतं. शेजारच्या बाईनं त्यांना सर्दी आहे म्हणून सांगितलं होतं, मेडिकलवाल्यानं सर्दीच्या गोळ्या दिल्या होत्या, आणि सून सांगत होती की दोन दिवस अम्मा कुणाला न सांगता मान उजवीकडं वाकडी करून पाणी पीत होत्या.

आता हे होतं कसं ते सांगतो. गालाच्या हाडात, वरच्या दाढांच्या अगदी डोक्यावर एक हवेची पोकळी असते, मॅक्सिलरी सायनस. मोठ्या माणसात साधारण 12 ते 15 मिली एवढी. तिचं दार नाकात उघडतं. वरच्या पहिल्या आणि दुसऱ्या दाढेची मुळं या पोकळीच्या तळाला टेकलेली असतात, कित्येकांच्यात मध्ये हाड म्हणजे नुसता पापुद्रा असतो. दाढ निघताना तो पापुद्रा फुटला की तोंड आणि सायनस एक होतं, मग तोंडातलं पाणी सायनसमधनं नाकात. आणि आजूबाजूचे दात पडून वर्षं झाली असतील, एकटीच दाढ उभी असेल तर सायनस त्या रिकाम्या जागेत खाली उतरत येतो, एकट्या दाढेभोवतीचं हाड पण कडक आणि ठिसूळ होतं. अम्मांची दाढ अशीच एकटी होती. मागची पुढची दोन्ही कधीच गेलेली.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. दाढ काढायच्या आधी छोटा एक्स-रे मी काढला होता, त्यात मुळांच्या टोकावर सायनसची पांढरी रेघ दिसत होती, आणि तरी मी ड्रिलनं दाढेचे तुकडे करून एकेक मूळ वेगळं काढायचं सोडून फोर्सेप, म्हणजे दाढ उपटायचा चिमटा, लावला कारण दाढ थोडी हलत होती आणि बाहेर सहा जण बसले होते. दाढ आली. टाळूकडच्या मुळाला हाडाची एक पातळ कपची चिकटून आली होती, नखाएवढी. मी ती बघितली. बघितली आणि दाढ ट्रेमध्ये टाकून कापूस चावायला दिला. ती कपची म्हणजे सायनसचा तळच असू शकतो, थांब आणि बघ, एवढं त्या क्षणी डोक्यात यायला पाहिजे होतं.

तर अम्मांना बसवलं. नाक चिमटीत धरून तोंड उघडं ठेवून अगदी हळू हवा सोडायला सांगितली. हळू हा शब्द मी तीनदा बोललो कारण जोरात केलं तर छोटं भोक मोठं होतं. दाढेच्या जागी लालसर बुडबुडे आले. आत सळई वगैरे घालून बघितलं नाही, ते करू नये, सायनसचं अस्तर आणखी फाटतं आणि तोंडातली घाण वर जाते. सुनेबरोबर सात रस्त्याला पाठवून मोठा एक्स-रे, ओपीजी, काढून आणला. मूळ आत राहिलेलं नव्हतं, सायनसचा तळ मात्र त्या जागी तुटलेला सरळ दिसत होता.

सरांना फोन लावला. सर म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते ओरल सर्जन. त्यांनी दोनच प्रश्न विचारले, पू आहे का आणि भोक केवढं. पू नव्हता. भोक पाचसहा मिलीमीटर. 2 मिलीमीटरच्या आतलं असेल तर रक्ताची गुठळी नीट बसली की बहुतेक वेळा आपोआप भरतं, एवढं मोठं सहसा भरत नाही, आणि नुसतं सोडून दिलं तर काही आठवड्यात त्या वाटेला आतून कातडी धरते, कायमची नळी तयार होते, मग सायनस सडत राहतो. सर म्हणाले पू नाही तर आजच बंद करायचं, मी चारला येतो.

मधल्या वेळेत मला अम्मांशी बोलायचं होतं आणि ते सगळ्यात अवघड गेलं. ओळखीचे डॉक्टर सांगतात, पेशंटला जास्त सांगू नये, हाडच कमजोर होतं म्हणावं. हाड पातळ होतं हे खोटं नाहीच. पण मी स्टूल ओढून समोर बसलो आणि सांगितलं, "अम्मा, दाढ काढताना वरचं हाड थोडं निघालं, तिथं भोक पडलंय. असं कधी कधी होतं, पण होऊ शकतं हे मी तुम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं, आणि काढल्यावर त्याच दिवशी बघायला पाहिजे होतं. दोन्ही मी केलं नाही."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग हळूच विचारलं, "म्हणजे ते गाठबिठ काय नाही ना?"

तेव्हा मला कळलं की या बाईनं दोन दिवस मान वाकडी करून पाणी का पिलं. जन्म तंबाखूत गेलेला, सकाळी मिश्री, दिवसभर विड्या वळणं, शेजारच्या गल्लीतल्या बाईला तोंडाचा कॅन्सर झालेला त्यांनी जवळनं बघितलेला. नाही म्हटल्यावर त्या रडल्या. मला पण बोलता येईना.

चारला सर आले. बाहेर अजून हलग्यांचा आवाज येत होता. भूल देऊन आधी सलाईननं सायनस हळूच धुतला, पाणी स्वच्छ आलं. मग गालाच्या बाजूच्या हिरडीला दोन उभे छेद देऊन ती पदरासारखी मोकळी केली आणि भोकावर ओढून टाळूच्या बाजूला शिवायची. ऐकायला सोपं वाटतं, पण हिरडी ओढली तरी पुरत नाही. तिच्या आतल्या बाजूला हाडावरचं जे चिवट अस्तर असतं त्याला आडवी बारीक चीर द्यावी लागते, मग ती एकदम सैल होऊन पुढं येते. सर म्हणत होते ताण ठेवून शिवलं तर टाका तुटणारच, सोड, अजून सोड. 1936 मध्ये रेहरमान नावाच्या सर्जननं सांगितलेली ही पद्धत अजून तशीच चालते. आणि दातातनं सायनस उघडा पडायची गोष्ट तर त्याहून जुनी, इंग्लंडच्या नॅथॅनियल हायमोरनं 1651 मध्ये या पोकळीचं वर्णन लिहिलं तेव्हाच दात काढलेल्या एका बाईचं लिहून ठेवलंय, तिनं भोकातनं पिसाची काडी घातली आणि ती इतकी आत गेली की बाई घाबरली. सर टाके घालत असताना मला सारखी ती बाई आठवत होती.

टाके झाले. खरी परीक्षा पुढचे चौदा दिवस. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं, मिश्री बंद, स्ट्रॉ नाही, भाकरी भिजवून उजव्या बाजूनं, वाफ घ्यायची, अँटिबायोटिक पूर्ण, नाकात टाकायचे थेंब पाचच दिवस. सगळं मान्य. पण मी म्हटलं तंबाखूजवळ बसायचं नाही, एक शिंक दाबली गेली तरी टाके उसवतील, तेव्हा दोघी एकमेकींकडं बघायला लागल्या. हजार विड्यांमागं मजुरी, घरात बसून काम, एकाच खोलीत तंबाखूचं सूप. चौदा दिवस माल नाही दिला तर कारखान्यात काय सांगायचं. मी चार पैसे देऊ का असं विचारलं ते त्यांना आवडलं नाही, आणि बरोबरच होतं. (ऑपरेशनचे पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता, ते वेगळं.)

मार्ग अम्मांनीच काढला. विडीचं अर्धं काम तंबाखूशिवायचं असतं हे मला, सोलापुरात जन्मून, माहीत नव्हतं. पानं रात्री भिजवतात, मग पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापतात, तंबाखू त्यानंतर. ओल्या पानाचा धुरळा उडत नाही. तर अम्मा बाहेर ओट्यावर बसून दोघींची पानं कापणार, सून आत बसून तंबाखू भरून वळणार आणि दोरा बांधणार. मी फडकं बांधून बसा म्हटलं, तेवढीच माझी भर.

तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी बोलावून बघितलं. सातव्याला एक टाका ढिला वाटला, त्या रात्री मला झोप लागली नाही. चौदाव्या दिवशी टाके काढले. हिरडी गुलाबी, एकसंध. त्या बाजूची गाल आणि हिरडीमधली खोबण मात्र उथळ झाली होती, पुढं कवळी करताना ते लक्षात ठेवावं लागणार, तेही त्यांना सांगून केसपेपरवर लिहून ठेवलं.

मग समोरच्या टपरीवरनं कटिंग मागवला. अम्मांनी मान सरळ ठेवून एक घोट घेतला, थांबल्या, नाकाखाली बोट लावून बघितलं. कोरडं. दुसरा घोट घेतला. सून तेलुगूत काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या.

"आता तंबाखूला बसू का?" अम्मांनी विचारलं.

मी म्हटलं अजून एक आठवडा थांबा.

"बरं, मग आठवडाभर पानंच कापते," म्हणाल्या आणि उरलेला चहा बशीत ओतून संपवला.